श्यामच्या आईचे लेखक

नाशिकजवळच्या एकलहरे गावाहून नाशिकरोडला येण्यास फार वाट तुडवावी लागत नाही. तेथे एक मोठे कारागृह आहे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत त्या कारागृहातील एक राजबंदी दिवसाचे काम आटोपले की कागद पुढे ओढी. लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून येत. त्याला कोकणातले आपले घर आणि आई आठवत होती. अवघ्या चार-पाच दिवसांत त्याने ‘श्यामची आई’ लिहिली. त्या राजबंद्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु पांडुरंगाच्या बालपणीच वैभव ओसरले. कर्ज वाढले आणि घरावर जप्ती आली. माउली यशोदाबाई हे सारे सोशीत राहिल्या. १९१७ साली त्या निवर्तल्या, तेव्हा पांडुरंग शिक्षणासाठी दूर होता. वय अवघे सतरा. अखेरची भेट घडली नाही, ही खंत त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

पुढे ते एम्. ए. झाले आणि १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांवर त्यांनी आईसारखी माया केली. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच उतरून घेतली. त्यानंतर नाशिकचा तुरुंगवास आला.

मुलांसाठी लिहिताना मोठी माणसे दुःखाच्या गोष्टी बहुधा गाळतात. गुरुजींनी तसे केले नाही. त्यांच्या पुस्तकातील बेचाळीस रात्रींत सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, धाकट्या भावाचा मृत्यू आहे, आणि शेवटी आईचाही. श्यामदेखील काही गुणांचा पुतळा नव्हे. पोहण्याच्या भीतीने तो माळ्यावर दडून बसतो आणि आई हाती शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते. हाच भित्रा श्याम पुढे खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. एका मुलाच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी असू शकतात, हे गुरुजींना ठाऊक होते. कारण तो मुलगा पुष्कळ अंशी ते स्वतःच होते.

पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना बंद होते. त्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात गुरुजींनी उपोषण केले आणि ते दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले.

तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहण्यास गुरुजी मात्र नव्हते.