विश्लेषण : सेंट्रल पार्कसाठी पैसा आला कुठून? ओल्मस्टेड यांचा हिशेब काय होता?

न्यूयॉर्कमधील ८४३ एकरांचे सेंट्रल पार्क आज जगप्रसिद्ध आहे. ते कर्ज काढून उभारले गेले. त्याचे शिल्पकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्याविषयी…

कोण होते ओल्मस्टेड?
जन्म १८२२, हार्टफर्ड. दृष्टीच्या त्रासामुळे महाविद्यालयीन शिक्षण हुकले. त्यानंतर चीनचा सागरी प्रवास, शेती आणि पत्रकारिता. अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीवरच्या त्यांच्या वार्तांकनाने नाव झाले. १८५० मध्ये त्यांनी इंग्लंडमधील बर्कनहेड पार्क पाहिले. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे उद्यान गरीब-श्रीमंत सर्वांना खुले होते. ही कल्पना त्यांच्या मनात रुजली.

पैसा कसा उभा राहिला?
नुसत्या जमिनीसाठीच सुमारे ५० लाख डॉलर लागले. त्यातील साधारण एक तृतीयांश वाटा लगतच्या मालमत्ताधारकांकडून वसूल झाला, उरलेल्या रकमेसाठी शहराने कर्जरोखे काढले. म्हणजे गुंतवणूकदारांकडून आज पैसे घ्यायचे आणि पुढे करांतून व्याजासह फेडायचे. १८५७ मध्ये ओल्मस्टेड कामावर अधीक्षक झाले, १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासोबत केलेला त्यांचा आराखडा निवडला गेला. मंदीच्या त्या काळात हजारो मजुरांना काम मिळाले.

कर्ज परवडले का?
उद्यानाभोवतीच्या जमिनींचे भाव वाढतील आणि वाढीव करातून कर्जाचा भार उतरेल, हा हिशेब होता. भाव झपाट्याने वाढले. पुढे ओल्मस्टेड यांनी हीच आकडेवारी इतर शहरांपुढे मांडली.

किंमत कोणी मोजली?
उद्यानासाठी सुमारे १,६०० रहिवाशांना हटवण्यात आले. सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्तीही त्यात गेली. तिथे अनेकांची स्वतःची घरे होती. मालकांना मोबदला मिळाला, पण वस्ती कायमची पुसली गेली. भाव वाढल्याचा लाभ अर्थातच त्यांच्या वाट्याला आला नाही.

वारसा काय?
ओल्मस्टेड १९०३ मध्ये निवर्तले. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्य उद्यानांसाठी ६० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मोठ्या बहुमताने मान्यता दिली. तेवढीच रक्कम इतर मार्गांनी उभारण्याची अट होती. त्यासाठी जागांची पाहणी केली ती ओल्मस्टेड यांच्याच मुलाने. फरक एवढाच, की या वेळी कर्ज काढायचे की नाही, हे थेट मतदारांनी ठरवले.