हुआन दे ला सिएर्वा : ऑटोजायरोचे जनक

जत्रेतली भिंगरी तुम्ही सगळ्यांनीच फिरवली असेल. तिला ना चावी, ना बॅटरी. हातात धरून पळत सुटलं की वाऱ्यानेच ती गरगर फिरते. अशीच एक मोठी भिंगरी डोक्यावर घेऊन उडणारं यंत्र म्हणजे ऑटोजायरो. वर्गात मुलं लगेच म्हणतात, सर, हे तर हेलिकॉप्टर! तसं नाही बरं का. हेलिकॉप्टरची वरची पाती इंजिन फिरवतं. ऑटोजायरोचं इंजिन फक्त यंत्राला पुढे नेणारा पंखा फिरवतं. वरची पाती वाऱ्यावर आपोआप फिरतात आणि यंत्राला उचलून धरतात. त्यामुळे हवेत इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहतात आणि यंत्र हळूहळू खाली उतरतं.

हे यंत्र शोधणारे हुआन दे ला सिएर्वा यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनमधील मुर्सिया येथे झाला. वडील राजकारणात होते, मंत्रीही झाले. मुलाला मात्र विमानांचं वेड. माद्रिदमध्ये बार्काला आणि दियाझ या दोन मित्रांसोबत तो आधी ग्लायडर बनवू लागला. मग या पोरांनी एका फ्रेंच वैमानिकाचं मोडकं विमान मिळवलं, त्याचं इंजिन आणि सुटे भाग वापरून १९१२ मध्ये स्वतःचं विमान उभं केलं. पंख्यासाठी चांगलं मुरलेलं लाकूड मिळेना, म्हणून एका गुत्त्यातल्या जुन्या काउंटरचं लाकूड वापरलं, असं सांगतात. विमान लाल रंगाचं, म्हणून त्याचं नाव पडलं 'खेकडा'. आणि हा खेकडा खरोखर उडाला! तेव्हा हुआन जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता.

पुढे ते इंजिनिअर झाले. १९१९ मध्ये त्यांनी तीन इंजिनांचं मोठं विमान बांधलं. चाचणीत वैमानिकाने जमिनीजवळ वेग फार कमी केला आणि विमान कोसळलं. वैमानिक वाचला, पण सिएर्वांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. साध्या विमानाचा पंख पुरेशा वेगाने पुढे गेला तरच उचल देतो. वेग फार घटला की उचल जाते, यालाच स्टॉल म्हणतात. मग विमान हळू चालत असतानाही पंख तेवढा वेगात राहील, असं काही करता येईल का? उत्तर होतं फिरणारा पंख.

उत्तर सापडलं, पण यंत्र उडेना. पहिली तीन यंत्रं धावता धावता एका बाजूला कलंडायची. कारण असं, की पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त वेगाने लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. म्हणजे एका बाजूला उचल जास्त आणि दुसरीकडे कमी. गंमत म्हणजे त्यांचं छोटं मॉडेल मात्र छान उडायचं! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, खेळणं ते खेळणंच. सिएर्वांनी मॉडेल पुन्हा नीट पाहिलं. त्याच्या पात्यांमध्ये वेताच्या काड्या होत्या. त्या लवायच्या, आणि मोठ्या यंत्राची पाती ताठ होती. बस, इथेच मेख होती. त्यांनी प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं, दाराला असते तशीच बिजागरी. आता जास्त वारा लागलेलं पातं वर उचललं जाई आणि त्याची जादा उचल कमी होई. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या खेताफे विमानतळावर हे यंत्र उडालं.

नंतर ते इंग्लंडला गेले, तिथे कंपनी निघाली. १९२७ मध्ये उड्डाणात पातं तुटून अपघात झाला, तेव्हा पात्याला पुढे-मागे हलू देणारी आणखी एक बिजागरी आली. १८ सप्टेंबर १९२८ रोजी त्यांनी स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली.

एक गोष्ट मात्र लपवू नये. जुलै १९३६ मध्ये जनरल फ्रँको यांच्यासाठी लंडनहून विमान भाड्याने मिळवून देण्यात सिएर्वांचा हात होता. त्याच बंडातून स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं.

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून ते प्रवासी म्हणून निघाले. दाट धुकं होतं. विमान उड्डाण घेताच घरांवर आदळलं आणि अवघ्या ४१ व्या वर्षी सिएर्वा गेले. ते विमान साध्या पंखांचं होतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी घरी बांधता येईल अशा छोट्या ऑटोजायरोचे आराखडे आणि सुटे भाग विकायला सुरुवात केली. त्यात दोनच पाती, आणि ती बागेतल्या सी-सॉसारखी एकाच खिळीवर डुलणारी. एक वर गेलं की दुसरं खाली. स्टॉलची भीती नाही, पण दांडा झटक्यात पुढे लोटला तर पात्यांवरचा भार जातो आणि यंत्र उलटू शकतं. म्हणून घरी बांधलेल्या यंत्रातही आधी शिक्षकासोबत शिकावं लागतं.