मोबाइलचा स्क्रू, बोटीचा बोल्ट आणि अर्देशीर वाडिया

मोबाइल उघडल्यावर आतून किती बारीक स्क्रू निघतात, कधी बघितलंय? मागच्या पावसाळ्यात मी माटुंग्यातल्या एका रिपेअरवाल्याकडे अशाच स्क्रूंची डबी चाळत बसलो होतो. फोन माझा ठीक होता. मला बोल्ट हवे होते, बोटीसाठी.

माझी डिग्री इंजिनीअरिंगची, नोकरी कोड लिहायची आणि नाद मॉडेल बनवायचा. सध्या वाफेच्या जुन्या बोटीचं १:२४ मापाचं मॉडेल करतोय. म्हणजे खऱ्या बोटीवरचा १ इंची बोल्ट (२५.४ मिमी) माझ्याकडे साधारण १.०६ मिमीचा व्हायला हवा.

एवढा बारीक बोल्ट तयार मिळतो, त्याला एम १ म्हणतात. 'एम' म्हणजे मेट्रिक आणि १ म्हणजे १ मिमी व्यास. मग अडलं कुठे? नटवर. एम १ चा नट २.५ मिमी रुंद असतो. खऱ्या २४ मिमी बोल्टचा नट ३६ मिमी. त्याला २४ ने भागलं की येतात १.५ मिमी. म्हणजे तयार नट लावला तर इंजिनाने भलामोठा फेटा बांधल्यासारखं दिसतं. मोबाइलचे आणि चष्म्याचे स्क्रू जाडीला चालतील असे, पण त्यांच्या डोक्यावर फुली किंवा चांदणी. फुलीचा स्क्रू आला १९३० च्या दशकात, आणि माझी बोट त्याच्या ऐंशी वर्षं आधीची!

नागदेवी स्ट्रीटवर दोन शनिवार घालवले. शेवटी एका दुकानदाराने सांगितलं की हे घरीच बनवावं लागेल. तेव्हा मला आठवले अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

घरातला कारखाना

अर्देशीर यांचा जन्म १८०८ चा, मुंबईतला. वाडिया म्हणजे जहाजं बांधणारं पारशी घराणं. यांचे पूर्वज लवजी नसरवानजी सुरतेहून १७३० च्या दशकात मुंबईत आले आणि इथल्या गोदीचं काम घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या राहिलं. याच घराण्याने मुंबईत बांधलेलं त्रिंकोमाली हे १८१७ चं सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय.

अर्देशीर चौदाव्या वर्षाच्या आसपास गोदीत शिरले. पण त्यांचा जीव लाकडापेक्षा वाफेत रमला. माझगावच्या घरीच त्यांनी छोटी फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना काढला. १८३३ च्या सुमारास तिथे १ अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन तयार केलं आणि विहिरीचं पाणी त्याने वर चढवलं. १८३४ मध्ये बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली, तो प्रकार बघायला खुद्द गव्हर्नर आले.

आता आपल्या बोल्टकडे या. आज नट पुण्यात घ्या, बोल्ट चेन्नईत, दोन्ही एकमेकांत बसतात, कारण आट्यांचं माप ठरलेलं आहे. १८३३ मध्ये तसं नव्हतं. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढायचा नाही. बोल्ट हरवला तर नवा बनवायचा आणि त्याच्या जोडीचा नटही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फोनला वेगळा चार्जर. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनीअरने आट्यांचं एकच माप ठेवायची योजना मांडली १८४१ मध्ये. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला ठरलेली संख्या.

त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशीर यांना फेलो म्हणून निवडलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. वाफेची यंत्रं शिकायला ते १८३९ मध्ये विलायतेला गेले होते. परतल्यावर मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत चीफ इंजिनीअर झाले. गोऱ्या कामगारांवर देशी साहेब हे तेव्हा अनेकांना रुचलं नाही आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रात त्यांच्या कुवतीवर शंका घेतली गेली. अर्देशीर काम करत राहिले, १८५७ पर्यंत.

मधल्या काळात, १८५१ मध्ये, त्यांनी एक आगबोट पाण्यात सोडली. नाव 'लवजी फॅमिली'. तिचे सगळे भाग त्यांनी घरच्या फाउंड्रीत बनवले होते. ज्याच्या कुवतीवर शंका, त्याने पूर्ण बोटच घरून बनवून आणली! पुढे ते इंग्लंडला स्थायिक झाले आणि १८७७ मध्ये रिचमंडला वारले. १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

माझ्या बोटीचं काय झालं?

हे वाचल्यावर माझी कुरकुर बंद झाली. १.५ मिमीची षटकोनी पितळी सळई मागवली, तिचे पातळ काप केले, मधे भोक पाडलं आणि कानशीने कडा साफ केल्या. पहिल्या दिवशी वीसमधले अकरा वाया गेले. जिथे जोर येतो तिथे आतून चष्म्याचा स्क्रू, दिसतं तिथे माझा काप चिकटवलेला. तुम्हीही मॉडेल करत असाल तर ही युक्ती वापरून बघा. फक्त काम पांढऱ्या ताटात करा, नाहीतर खाली पडलेला नट परत सापडत नाही.

मग एका रविवारी किंग्ज सर्कलहून हार्बर पकडून डॉकयार्ड रोडला उतरलो आणि माझगावात तासभर नुसता फिरलो. खिशात माझा एक नट होता. इथेच कुठेतरी एका माणसाने बोटीचा प्रत्येक भाग स्वतः बनवला होता, आणि मी मात्र घरी बसून अजून शेहेचाळीस बाकी आहेत म्हणून रडत होतो. घरी आलो आणि सत्तेचाळिसावा कापायला घेतला, कारण खिशातला तेवढ्यात हरवला होता.