राइट बंधूंच्या आधी तळपदेंनी विमान उडवले होते का? जाणून घ्या मरुत्सखाची गोष्ट

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. अकोल्यातही शिवणी विमानतळाची चर्चा सतत असते. विमानाचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो : जगातले पहिले विमान मराठी माणसाने उडवले. यात तथ्य किती?

कोण होते तळपदे?

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४चा, मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजातला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी त्यांचा संबंध होता. संस्कृतचा व्यासंग आणि आर्य समाजाचा प्रभाव यांतून त्यांना प्राचीन विमानविद्येचा ध्यास लागला. १९१६मध्ये त्यांचे निधन झाले.

दावा काय?

१८९५मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांचे मरुत्सखा हे विमान माणसाविना सुमारे १,५०० फूट उंच गेले आणि खाली कोसळले, असे सांगितले जाते. काही जण ते पाऱ्यावर चालत होते, असेही म्हणतात.

पुरावा काय?

या उड्डाणाचा फोटो, मोजमापे किंवा यंत्राचा मूळ आराखडा समोर आलेला नाही. त्याच काळात जर्मनीचा इंजिनिअर ओटो लिलिएंथाल स्वतः बनवलेल्या ग्लायडरमधून टेकडीवरून झेपावत होता. १८९१पासून त्याने सुमारे २,००० उड्डाणे केली. त्यांचे फोटो आहेत, मोजमापेही आहेत. १८९६मध्ये ग्लायडर कोसळून तो गेला. त्याच्या नोंदी अभ्यासूनच राइट बंधूंनी सुरुवात केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनचे विमान माणसासह १२ सेकंद उडाले. त्याचाही फोटो आहे.

वैमानिक शास्त्राचे काय?

तळपदेंच्या विमानाशी हा ग्रंथ जोडला जातो. मात्र पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात सांगितला, म्हणजे तळपदेंच्या मृत्यूनंतर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४मध्ये तो तपासला. ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग तळपदेंचे श्रेय काय?

त्यांच्यावर २०१५मध्ये हवाईजादा हा हिंदी चित्रपट आला, पण चित्रपट म्हणजे पुरावा नव्हे. राइट बंधूंचे विमान उडण्याआधी मुंबईतला एक माणूस उडण्याचा विचार गांभीर्याने करत होता, ही गोष्ट लहान नाही. पहिला क्रमांक मात्र नोंदींवर ठरतो. लिलिएंथालच्या नोंदी पुढच्यांच्या कामी आल्या; मरुत्सखाच्या मागे तशा नोंदी उरल्या नाहीत. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी एवढे लक्षात ठेवा.