दादासाहेब फाळके : करता करता शिकलेली कला

भारतीय चित्रपटाचे जनक मानले जाणारे धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे बरेच काही त्यांनी केले. कोणतीही विद्या वाया जात नाही, याचा प्रत्यय त्यांना चाळिशीनंतर आला.

गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून त्यांनी चित्रपट काढायचे ठरवले. शिकवणारे इथे कोणी नव्हते. मग पुस्तके वाचणे आणि पुन्हा पुन्हा चित्रपट पाहणे हाच अभ्यास झाला. त्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली. बरे झाल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले.

पहिला धडा त्यांनी वाटाण्याच्या रोपाकडून घेतला. कुंडीतले रोप वाढताना ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपले. पडद्यावर रोप भराभर उगवले, तेव्हा भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला.

दादरच्या घरीच काम सुरू झाले. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे शिकल्या आणि सगळ्यांचा स्वयंपाकही सांभाळत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. उपाहारगृहातल्या साळुंके या आचाऱ्याला त्यांनी तयार केले.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. शिकून झाल्यावर काम सुरू करायचे, असे फाळक्यांनी मानले नाही. काम हीच त्यांची शाळा होती.