गोंगाटातून सत्य निवडणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या वेळी जाम नदीच्या काठचा कोलाहल आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. हजारो कंठांच्या त्या गर्जनेतही एखाद्या मातेला आपल्या मुलाची हाक नेमकी ऐकू येते. असे का व्हावे? त्या मुलाचा आवाज तिने सहस्र वेळा ऐकलेला असतो. त्याची घडण तिच्या मनात ठसलेली असते, आणि त्या घडणीत न बसणारे सर्व काही तिचे मन आपोआप बाजूस सारते. ही साधी वाटणारी गोष्ट गणिताच्या भाषेत मांडणे फार कठीण आहे. ते कठीण कार्य ज्या थोड्या लोकांनी प्रथम केले, त्यांत एक मराठी घरातला पुरुष होता. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे थोर पंडित होते. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून ते नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथे हिंडले, पाली भाषा शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवू लागले. त्यांनी आपला देह १९४७ साली सेवाग्राम येथे ठेवला. एखाद्या गोष्टीचा शोध घ्यावयाचा तर तिच्या मुळापर्यंत पायी चालत जावयाचे, हा बाणा दामोदरांस पित्याकडूनच मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

धर्मानंदांस हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनाचे काम होते. त्यांच्याबरोबर दामोदर १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, अमेरिकेस गेले. बोस्टनजवळील केंब्रिज गावी त्यांचे शालेय शिक्षण झाले, व १९२९ मध्ये ते हार्वर्डची पदवी सर्वोच्च सन्मानाने उत्तीर्ण झाले. परदेशात राहण्याचा मोह न धरता ते मायदेशी परतले. प्रथम काशीस व नंतर अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे गणित शिकवीत राहिले. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृति पारितोषिक मिळाले.

परंतु कोसंबींचे गणित फळ्यावर थांबणारे नव्हते. तक्षशिलेस सापडलेली प्राचीन आहत नाणी त्यांनी सूक्ष्म तराजूवर एकेक करून तोलली. अशी हजारो नाणी त्यांच्या हातांखालून गेली. नाणे चलनात फिरले की झिजते, व झिजले की हलके होते. तेव्हा वजनावरून त्याचे वय कळावे, हे उघड आहे. अडचण अशी की टाकसाळीतूनच प्रत्येक नाणे थोडे कमीअधिक वजनाचे बाहेर पडते, आणि एकाच वयाची दोन नाणी सारखी झिजत नाहीत. एकटे नाणे म्हणून फसविते. शेकडो नाण्यांचा समूह मात्र फसवीत नाही. समूहाची सरासरी व तिच्याभोवतीचा विखुरलेपणा पाहून कोसंबींनी नाण्यांचा कालक्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादनही त्यांनी याच वृत्तीने केले. देशोदेशींच्या शेकडो हस्तलिखितांत लेखनिकांच्या चुका, पाठभेद व मागाहून घुसडलेले श्लोक यांची गर्दी होती. ती बाजूस सारून मुळाजवळ जाण्याचा त्यांचा प्रयत्न १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

याच वृत्तीचे शुद्ध गणिती फळ म्हणजे त्यांचा १९४३ सालचा निबंध होय. तो भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापला गेला. महायुद्धाचा काळ होता, आणि निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. काही वर्षांनी फिनलंडचे कारुनेन व फ्रान्सचे लोएव्ह यांनी तोच विचार स्वतंत्रपणे मांडला, आणि जगाने त्या सिद्धांतास त्या दोघांचे नाव दिले. आता अनेक अभ्यासक त्यात कोसंबींचे नावही जोडतात.

या विचाराचा आपल्या जीवनाशी संबंध कोणता, ते पाहू. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर एक सूक्ष्म विद्युत्‌दाब उमटतो. तो सुमारे एक सहस्रांश व्होल्ट इतकाच असतो. त्याची रेषा कागदावर उतरविली की वैद्यास हृदयाची स्थिती वाचता येते. पण ती रेषा क्वचितच निर्मळ असते. श्वासाबरोबर ती वरखाली डुलते. थंडीने वा भीतीने स्नायू कापू लागले की तिच्यावर बारीक काटे उठतात. भिंतीतल्या तारांतून वाहणाऱ्या विजेची सेकंदास ५० आवर्तने तिच्यात मिसळतात. पांढुर्णे वा सौसर येथील एखाद्या दवाखान्यात खेड्यातला वृद्ध शेतकरी छातीत कळ येते म्हणून रात्री आणला जातो. त्यास ताबडतोब नागपुरास हलवावे की नाही, हा निर्णय पुष्कळदा अशा थरथरत्या रेषेच्या वाचनावर ठरतो. तेथे गोंगाट व सत्य यांतील भेद हा जीवनमरणाचा भेद होय.

कोसंबींच्या विचाराने येथे काय करावयाचे? समजा, एका माणसाच्या हृदयाचे एक हजार ठोके एकाखाली एक मांडले. प्रथम त्यांची सरासरी काढावी. ती म्हणजे त्या हृदयाचे सामान्य रूप. मग प्रत्येक ठोका त्या रूपापासून कसकसा ढळतो ते पाहावे. ज्या एका आकारात या ढळण्याचा सर्वांत मोठा वाटा सामावतो, तो पहिला आकार. उरलेल्याचा सर्वांत मोठा वाटा ज्यात सामावतो, तो दुसरा. याप्रमाणे पुढे जावे. ठोक्याचे बहुतेक खरे रूप पहिल्या काही आकारांतच येऊन जाते. स्नायूंच्या कंपासारख्या गोंगाटास मात्र ठराविक घडण नसते. तो शेकडो आकारांत थोडाथोडा विखुरतो. म्हणून पहिले आकार ठेवून बाकीचे टाकले की बराचसा गोंगाट गळून पडतो. विजेच्या गुणगुणाटासाठी वेगळी गाळणी लावावी लागते, हे खरे.

आपल्या भागात संत्र्यांची प्रतवारी होते, तिच्याशी हे ताडून पाहा. ढिगातले प्रत्येक फळ निराळे असते, तरी प्रतवारी करणारा आकार, रंग व सालीचा घट्टपणा अशा दोनतीन गोष्टींवरच निवाडा करतो. फरक एवढाच की त्याला या गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. कोसंबींच्या रीतीत मात्र कोणत्या दोनतीन गोष्टी महत्त्वाच्या, हे तो ढीगच सांगतो. यंत्राने उदाहरणांवरून स्वतः शिकावे ही जी आजची विद्या, यंत्रशिक्षण, तिचे एक बीज येथे आहे. आजची बहुपदरी गणितजाळी याहून पुष्कळ गुंतागुंतीचे संबंध शिकतात. परंतु त्यांतले साधे, एकरेषीय जाळे मूळ रेषा थोडक्या आकड्यांत साठवून पुन्हा उभी करण्यास शिकविले, तर ते याच आकारांच्या कुटुंबापाशी येऊन थांबते. अशा यंत्रांच्या परीक्षेसाठी जगभर वापरला जाणारा हृदयरेषांचा एक प्रसिद्ध संग्रह १९८० साली बोस्टन परिसरातून प्रसिद्ध झाला. त्यात ४७ व्यक्तींच्या, अर्ध्याअर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, व प्रत्येक सेकंदास ३६० मापे आहेत. ज्या परिसरात लहानगा दामोदर शाळेस जात असे, तोच हा परिसर.

कोसंबी १९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संस्था लवकरच मुंबईस आली, पण त्यांनी पुणे सोडले नाही. ते डेक्कन क्वीन गाडीने मुंबईस ये-जा करीत. १९४८-४९ मध्ये नव्याने निघालेल्या विद्युत् गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी ते इंग्लंड-अमेरिकेस गेले. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरील मोठा ग्रंथ निघाला, व त्याने इतिहासलेखनास नवे वळण दिले.

थोरांच्या चरित्रात त्यांची चूकही सांगितली पाहिजे. १९५९ साली कोसंबींनी गणितातील एक अतिप्रसिद्ध, आजही न सुटलेला प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सोडविल्याचा दावा केला. तो गणितज्ञांस मान्य झाला नाही, आणि त्यांच्या लौकिकास धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेशी त्यांचा संबंध संपला. पण पुण्याभोवतीच्या टेकड्या चढून दगडी हत्यारे वेचणे, खेडुतांशी बोलणे, ग्रामदैवतांच्या कथा टिपणे त्यांनी सोडले नाही.

२९ जून १९६६ रोजी पहाटे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांची प्रकृती एकंदरीत ठीक असल्याचे सांगितले होते. हृदयाची सूचना किती सूक्ष्म असू शकते, आणि ती ऐकण्याची साधने किती हवी आहेत, हे या घटनेवरून ध्यानी यावे. ३१ जुलै २००८ रोजी भारतीय डाकखात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हजार ठोक्यांत एखादाच ठोका वेडावाकडा असेल, तर एकूण ढळण्यात त्याचा वाटा अत्यल्प असतो. यंत्र त्यास गोंगाट समजून टाकून देईल, आणि कदाचित तोच रोगाची पहिली खूण असेल. म्हणून सुज्ञ मनुष्य टाकलेला भागही एकदा उलटून पाहतो. कोसंबी सरासरी काढीत, पण प्रत्येक नाणे स्वतःच्या हाताने तोलीत. ग्रंथ वाचीत, पण टेकडीही चढत. आपल्यापैकी जे उद्या वैद्य होतील, यंत्रे घडवतील किंवा केवळ चांगले शेतकरी होतील, त्यांनी गणिताची चाळणी अवश्य वापरावी, आणि चाळणीतून खाली पडलेल्या कणांवरूनही एकवार बोट फिरवावे.