रेल्वेच्या फलाटावर शेवटचा तानपुरा लावणारे अब्दुल करीम खाँ सुरासाठी एवढे हट्टी का होते?

अॅनालॉग सिंथेसायझर वाजवणाऱ्यांना एक डोकेदुखी चांगलीच माहीत असते. मशीन तापलं की सूर सरकतो. म्हणून ते आधी चालू करून ठेवायचं, नीट तापू द्यायचं आणि मग ट्यूनर लावून एकेक सप्तक जुळवत बसायचं.

आता यातून ट्यूनर काढून टाका. उरतो फक्त कान. शंभरेक वर्षांपूर्वी मिरजेत एक गवई होते, ज्यांच्या कानाच्या भरवशावर श्रुतींची मोजदाद झाली आणि खास पेटीही बनली. ते म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. गावाचं नावच पुढे घराण्याला चिकटलं. घरात सारंगी, बीन, गाणं सगळंच होतं. तरुणपणी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायले. तिथे सरदार माने घराण्यातल्या ताराबाईंशी त्यांचं सूत जुळलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. मुंबई गाठली, मग मिरज. प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि बरे झाले, असं मिरजेत आजही सांगतात.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. भोपळा वाळवून त्यातून नाद काढायची कला तशी महाराष्ट्रात दोन टोकांना दिसते. डहाणू-तलासरीकडे वारली लोक त्याचा तारपा करतात आणि मेणाने सांधे बुजवतात, तर मिरजेत त्याचा तानपुरा होतो. मोजपट्टी दोन्हीकडे एकच, करणाऱ्याचा कान.

खाँसाहेब तानपुरा लावायला बसले की घाई नसायची. वाद्यदुरुस्तीतही त्यांचा हात बसलेला होता.

तानपुऱ्याला साधारण चार तारा. पहिली पंचमाला, रागात पंचम नसेल तर मध्यमाला किंवा निषादाला. मधल्या दोन षड्जाला आणि शेवटची खर्जाला. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग घोडीपलीकडचे मणी सरकवून केसाएवढा उरलेला फरक काढायचा. खरी परीक्षा त्यानंतरची, जवारीची. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडीच्या मध्ये एक दोरा घालून तो पुढेमागे सरकवायचा. एका ठरावीक जागी दोरा आला की तार अचानक उघडते, भणभणते. तेव्हा खर्जाच्या तारेतून गंधारही ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो.

सगळी गंमत या गंधारात आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर हा गंधार त्याच सप्तकात ३०० कंपनांवर येतो. बाजारातल्या पेटीचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास असतो, कारण तिथे सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. फरक अडीच कंपनांचाही नाही. पण दोन्ही सूर एकत्र धरले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला, त्याला ते दातात अडकलेल्या खड्यासारखे टोचतात.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर याच प्रश्नाने झपाटले होते. जुन्या ग्रंथांमध्ये सप्तकात २२ श्रुती सांगितल्या आहेत, पण त्या नेमक्या कुठे? देवलांनी खाँसाहेबांना गायला लावलं आणि ते सूर तारेच्या लांबीवर ताडून पाहिले. १९१० साली त्यांचं २२ श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक आलं. जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्सही त्यांना येऊन मिळाले आणि जादा सूर असलेली श्रुती हार्मोनियम तयार झाली.

१९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिथे ही पेटी मांडली गेली. विष्णू नारायण भातखंड्यांना ती पटली नाही, जमलेल्या जाणकारांनीही स्वीकारली नाही. खरं सांगायचं तर अडचण मापात कमी आणि कल्पनेत जास्त होती. गवई सुरावर नुसता उभा राहत नाही, मींड घेत त्याच्याकडे सरकतो. एकच कोमल गंधार दरबारीत आंदोलत असतो, भीमपलासीत वेगळा लागतो. पट्टीला ठोकलेला सूर, मग तो कितीही अचूक असो, जागचा हलत नाही.

खाँसाहेब मात्र शिकवत राहिले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं होतं. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सूर लावायला शिकवलं होतं म्हणतात. म्हैसूर दरबारात जाणं-येणं झालं, कर्नाटक संगीतातली सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. पुढे भीमसेन जोशी लहानपणी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, त्यामागेही खाँसाहेबांच्या एका ध्वनिमुद्रिकेची ओढ होती.

घरातला सूर मात्र जुळला नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वती राणे. नावं बदलली, पण तिघांच्याही गळ्यात किराणाच राहिला. रेकॉर्ड लावून बघा, शंका उरणार नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाल कोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले, फलाटावर अंथरूण टाकलं. तानपुरा काढायला सांगितला आणि तो जुळवून घेतला. नमाज झाली. मग दरबारीच्या सुरात प्रार्थना सुरू केली आणि गातागाताच ते गेले. तारीख होती २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी तिथे त्यांच्या नावाने संगीत सभा होते, आणि आधी तानपुरे लागतात.